व्हिक्टोरियन सर्टिफिकेट ऑफ अप्लाइड लर्निंग

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेले कामकाजाधिष्ठित प्रमाणपत्र. ‘व्हीकॅल’ या लघुनावाने ते ओळखले जाई. 2002 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेला हा अभ्यासक्रम 2003 पासून राज्यभर लागू झाला. विद्यापीठाकडे नेणाऱ्या ‘व्हीसीई’ प्रमाणपत्राला तो पर्याय होता. सुतारकाम, केशरचना, वाहनदुरुस्ती, बालसंगोपन अशा क्षेत्रांत जाऊ पाहणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली.

प्रारंभिक, मध्यम आणि वरिष्ठ असे त्याचे तीन स्तर होते. भाषा व अंकज्ञान, उद्योगविशिष्ट कौशल्ये, कार्यसंबंधित कौशल्ये आणि व्यक्तिमत्त्व विकास या चार शाखांतून दहा श्रेयांक मिळवावे लागत. एका श्रेयांकासाठी साधारण शंभर तासांचे काम धरलेले असे.

गुण किंवा टक्के मात्र नव्हते. ठरलेली कौशल्ये विद्यार्थ्याने करून दाखवली की नाही, एवढेच पाहिले जाई. गणितही प्रत्यक्ष कामातून शिकवले जाई: एखाद्या बांधकामासाठी लाकूड किती लागेल, खर्च किती येईल, याचा हिशेब मांडणे हाच धडा. अनेक विद्यार्थी आठवड्यातला एखादा दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवत.

‘अभ्यासात मागे पडलेल्यांची वाट’ हा शिक्का मात्र पुसला गेला नाही. जॉन फर्थ यांच्या 2020 मधील आढावा अहवालानंतर राज्याने दोन प्रमाणपत्रांची विभागणी मोडली. 2023 पासून व्हीसीईमध्येच ‘व्होकेशनल मेजर’ हा पर्याय आला आणि प्रारंभिक स्तराची जागा ‘व्हिक्टोरियन पाथवेज सर्टिफिकेट’ने घेतली.