उल्हास आणि वालधुनी: दोन नद्यांचा न्याय

सोनिवली-बदलापूरच्या पट्ट्यात उल्हास नदी भर उन्हाळ्यातही वाहते, ती केवळ निसर्गाच्या कृपेने नव्हे. मावळातील आंद्रा नदी टाटांच्या ठोकळवाडी धरणाने अडवली गेली आणि १९२२पासून तिचे पाणी सह्याद्री उतरून भिवपुरीच्या वीजगृहात येऊ लागले. वीज झाल्यावर ते उल्हासात सोडले जाते. इंद्रायणी, भीमा, कृष्णा या वाटेने पूर्वेला जाणारे पाणी असे अरबी समुद्राकडे वळले. म्हणून नदी ‘मूळ स्थितीत’ आणण्याची भाषा इथे अडखळते. उल्हासची मूळ स्थिती धरली, तर उन्हाळ्यात रोडावणारी नदी पत्करावी लागेल.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये स्थापन झाले. अंबरनाथ-बदलापुरात कारखाने वाढले आणि त्यांना पाणी देण्यासाठी बारवी धरण झाले. पाणी पुरवण्याची व्यवस्था जितक्या तत्परतेने झाली, तितकी सांडपाण्याची झाली नाही.

नदी किती बिघडली हे ठरवताना ‘बीओडी’ पाहतात. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खर्च करतात, त्याचे हे माप. नमुना बाटलीत बंद करून अंधारात ठेवतात आणि आधीचा व नंतरचा ऑक्सिजन ताडून पाहतात. ब्रिटनमध्ये रूढ झालेली चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवसांची. भारतात ती २७ अंशांना तीन दिवसांची केली गेली. आकडा प्रयोगशाळेतून येतो, पण मुदत, तापमान आणि चालणारी मर्यादा माणसे ठरवतात. शिवाय नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसणारी जलपर्णी या आकड्यात दिसत नाही. बीओडी मर्यादेत असूनही पात्र हिरवेगार झाकलेले असू शकते.

उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबाबत ‘वनशक्ती’ संस्थेने केलेल्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५मध्ये स्थानिक संस्था व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर सुमारे ९५ कोटींची भरपाई बसवली. न्यायाधिकरणाच्या २०१०च्या कायद्यातच शाश्वत विकास, सावधगिरी आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ ही तत्त्वे आहेत. सावधगिरीचे तत्त्व विज्ञानाच्या अपुरेपणाची दखल घेते: गंभीर हानीचा धोका असेल, तर पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत उपाय थांबवू नयेत.

उल्हासचे पाणी लाखो लोक पितात, त्यामुळे तिच्याबद्दल ओरड तरी होते. वालधुनीचे पाणी कोणी पीत नाही. शके ९८२मधील, म्हणजे इ. स. १०६०च्या, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी उल्हासनगरात पोहोचेपर्यंत नाला म्हणूनच ओळखली जाते. माणसाच्या गरजेपुरतेच नदीचे मोल मानणाऱ्या नीतीत तिची बाजू लंगडी पडते.