एकसष्टचा आकडा

विजेच्या कामात काही आकडे नावासारखे रुळतात. मी वायरमनच्या वर्गाला शिकवायला लागलो तेव्हा जुने मिस्त्री पोरांना दटावत, ‘आधी एकसष्ट बघ, मग बटण दाब!’ एकसष्ट म्हणजे अर्थिंग. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधला ६१ वा नियम. पुढे गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या उपकरणाचा नियम आला, तो ‘६१-ए’ म्हणून शेजारीच बसवला. चाळीत एक बिऱ्हाड वाढले, तरी बाकी खोल्यांचे क्रमांक तेच राहिले.

२००३ च्या विद्युत कायद्याने १९१० चा कायदा रद्द झाला. पण कलम ५३ खाली नवे विनियम होईपर्यंत १९५६ चेच नियम चालतील, असे त्याच्या कलम १८५ मध्ये लिहिले होते. बाप गेल्यावर मुलाने सात वर्षे घर सांभाळले म्हणा ना! सप्टेंबर २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम निघाले आणि सगळी मांडणी नव्याने झाली.

काही बदल मला मनापासून आवडले. जुन्या नियमांत २५० व्होल्टपर्यंत ‘लो’ आणि ६५० पर्यंत ‘मीडियम’ म्हणत. ‘मीडियम’ ऐकून ४४० व्होल्ट म्हणजे काही फार नाही, असे समजणारी मुले मी पाहिली आहेत. नव्या विनियमांनी सरळ व्होल्टच लिहिले.

आकडे मात्र हलले. अर्थिंग ४१ वर गेले, ६१-ए चे ४२ झाले. जमिनीपासून तारेची उंची ७७ वरून ५८ वर आली. रस्ता ओलांडणाऱ्या ६५० व्होल्टपर्यंतच्या तारेची ५.८ मीटर ही उंची तेवढीच राहिली. आणि ६१ ची खोली रिकामी थोडीच राहणार? तिथे ६५० व्होल्टवरील तारा इमारतीपासून किती दूर हव्यात, तो विनियम आला.

माझा एक विद्यार्थी तेव्हा एका कारखान्यात फोरमन होता. तपासणीच्या शेऱ्यात एवढेच होते: ‘६१ ची पूर्तता करावी.’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात जुने पुस्तक. कचेरीतल्या कारकुनाने नवे उघडले. छपरावरून जाणाऱ्या तारेचे अंतर मोजले, बरोबर भरले, आणि ‘पूर्तता झाली’ असे उत्तर गेले. अर्थिंगचा खड्डा कोरडा तो कोरडाच. पावसाळ्यात यंत्राच्या सांगाड्याला हात लागून एक मदतनीस फेकला गेला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे वाकेनाशी झाली.

चौकशीत दोन्ही पुस्तके टेबलावर होती. दोन्ही माणसे आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर!

२०२३ मध्ये पुन्हा नवे विनियम आले. त्याच विद्यार्थ्याचा फोन आला, ‘सर, आता अर्थिंगचा कितवा?’ म्हटले, ‘पुस्तक उघडून बघ. पण कागदावर आधी अर्थिंग असे लिही, मग आकडा, मग साल.’