डाक, तार आणि पिकअपचे दिवे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील रस्ते रात्रीही जागे राहतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या मालमोटारी, दूध आणि भाजीपाला वाहणारे पिकअप आणि या सर्वांमधून सावकाश चालणाऱ्या टायरगाड्या, अशी सरमिसळ या रस्त्यांवर असते. अहिल्यानगरकडून येणारी रेल्वे बीड शहरापर्यंत पोचली ती २०२५ साली. तोवर जिल्ह्याच्या मुख्य गावाचा सारा भार रस्त्यांवरच होता. धारूरच्या घाटात अंधाऱ्या वळणावर गाडी घालताना पिकअपच्या मालकाला मूळचे दोन दिवे अपुरे वाटू लागतात आणि तो बंपरवर आणखी दोन दिवे लावून घेतो.

गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या कारागिराला हे काम नवे नसते. पण जाणता कारागीर दिव्यांबरोबर आगपेटीपेक्षाही लहान अशी एक काळी डबी आणायला सांगतो. तिला चार पाय असतात आणि त्यांच्यापाशी ३०, ८५, ८६ व ८७ हे आकडे कोरलेले असतात. ही डबी म्हणजे रिले. दिवे, वायर आणि बटण एवढे असताना ही डबी कशाला हवी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला बरेच मागे जावे लागते.

‘रिले’ हा शब्द विजेच्या वापराहून जुना आहे. लांबच्या प्रवासात थकलेला घोडा सोडून ताजा घोडा घ्यायचा, या व्यवस्थेसाठी तो युरोपात रूढ होता. आपल्याकडे हीच व्यवस्था डाक या नावाने ओळखली जाई. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या काळी आलेला प्रवासी इब्न बतूता याने तिचे वर्णन केले आहे. घोड्यांची डाक होती, तशी पायी धावणाऱ्यांचीही होती. पायी डाकेच्या चौक्या एका मैलात तीन असत. धावणाऱ्याच्या हातातील काठीला तांब्याच्या घंटा असत. त्यांचा आवाज ऐकून पुढच्या चौकीवरचा माणूस तयार राही. ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा जलद असल्याचे तो नमूद करतो. याच तुघलकाचा एक दात बीडजवळ पडला आणि तो करजणीच्या टेकडीवर पुरला, असे परंपरा सांगते. त्या दाताची कबर म्हणून ओळखली जाणारी वास्तू आजही तेथे आहे.

डाकेतले तत्त्व साधे आहे. निरोप एकच, पण तो पुढे नेणारी शक्ती प्रत्येक टप्प्यावर नवी.

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न तारेपुढे उभा राहिला. वायर जितकी लांब तितका तिचा रोध अधिक आणि विद्युतधारा तितकी कमी, हे जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमातून समजते. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी १८३१ साली मैलाहून अधिक लांब वायरीतून वीज पाठवून घंटा वाजवली. पुढे प्रिन्स्टन येथे शिकवताना त्यांनी एक युक्ती दाखवली. लांबून आलेल्या क्षीण धारेने एक लहान विद्युतचुंबक जागा करायचा आणि त्याने दुसऱ्या, स्वतंत्र परिपथाची कळ उघडायची किंवा मिटायची. दुसऱ्या परिपथाला स्वतःची बॅटरी असल्याने त्यातील धारा हवी तितकी मोठी ठेवता येते. सॅम्युएल मोर्स यांच्या तारयंत्रात हीच युक्ती वापरली गेली आणि ताज्या घोड्याचे नाव तिला मिळाले. भारतात १८५४ सालापर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली होती. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रिले मात्र राहिला.

तो मोटारीत कसा आला हे समजण्यासाठी मोटारीच्या दिव्यांचा इतिहास थोडक्यात पाहू. प्रारंभी मोटारींना तेलाचे किंवा ॲसिटिलीनचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो प्रखर ज्योतीने जळतो. विजेचे दिवे तेव्हा होते, पण कार्बनचा नाजूक तंतू रस्त्यावरचे धक्के सोसत नसे. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची चिवट तार काढण्याची रीत शोधली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची विजेची योजना आली. स्टार्टर, दिवे आणि इंधनाचे प्रज्वलन या तिन्ही गोष्टी तीत एकत्र गुंफलेल्या होत्या. स्टार्टरला काही क्षण शंभराहून अधिक अँपियर धारा लागते. एवढी धारा ड्रायव्हरच्या हाताखालील कळीतून नेणे शक्य नसते. म्हणून आज आपण किल्ली फिरवतो ती एका विद्युतचुंबकाला आज्ञा देण्यासाठी. मोठी धारा तो चुंबक जोडतो.

आता आपल्या पिकअपकडे येऊ. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे म्हणजे ११० वॉट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून धारा ११० भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपियर. कारागिराने रिले टाळून बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत आणि तेथून दिव्यांपर्यंत सहा मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर ओढली, असे समजा. तिचा रोध सुमारे ०.१ ओहम भरतो. म्हणजे ०.९ व्होल्ट विभवांतर वायरीतच खर्च झाले. व्होल्टमध्ये ही घट सात-आठ टक्क्यांची दिसते, पण तापणाऱ्या तंतूचा प्रकाश विभवांतराच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. प्रकाशाचा जवळजवळ चौथा हिस्सा असाच जातो. बटणही तापते, त्याचे प्लास्टिक मऊ होते आणि कधी वायरिंगलाच आग लागते.

रिले घातला की चित्र बदलते. बॅटरीची जाड वायर फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या पायाला जाते. ८७ पासून वायर दिव्यांना जाते. ८५ आणि ८६ ही चुंबकाच्या वेटोळ्याची दोन टोके. वेटोळ्याचा रोध ८० ओहम धरला तर त्यातून ०.१५ अँपियर धारा वाहते. तिच्या जोरावर साठपट मोठी धारा सुरू किंवा बंद होते. डॅशबोर्डवरून फक्त आज्ञा जाते, काम बॉनेटखाली होते. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि पुढे जगभर रूढ झाले. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, कारण वायर घासून पत्र्याला लागली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणाचेच संरक्षण नसते.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यापुढचा आहे. ८६ क्रमांकाच्या पायाला आज्ञा कोठून द्यायची? ती थेट बॅटरीवरून घेतली तर ड्रायव्हरने डिपर दिला तरी जादा दिवे जळतच राहतात. ती अप्परच्या वायरीवरून, मध्ये एक बटण ठेवून घेतली, तर डिपर देताच जादा दिवेही विझतात. एका वायरीची जागा बदलली की समोरच्या माणसाचा विचार गाडीच्या रचनेतच बसतो. मग तो ड्रायव्हरच्या आठवणीवर किंवा सौजन्यावर सोडावा लागत नाही.

याची किंमत मोजून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोरच्या झोताने दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले असे धरले, तर तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. त्या ५० मीटरमध्ये पाठीमागे एकही दिवा नसलेली टायरगाडी असू शकते आणि तिच्यावर संसारासह निघालेला एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, बसलेले असतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ही काळजी दिसते. समोरचा दिवा ८ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवरील डोळ्यांना दिपवणार नाही असा खाली झुकलेला किंवा झुकवता येणारा असावा, असे ते सांगतात. विशेष परवानगीशिवाय शोधदिवा लावण्यासही त्यांची मनाई आहे. म्हणून जादा दिवे घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणे शहाणपणाचे.

आता एलईडी दिवे आले आहेत. त्यांना धारा कमी लागते, त्यामुळे वायर तापण्याचा धोका पुष्कळ उतरतो. मग रिले गेला तरी चालेल का? धारेच्या हिशेबाने कधी चालेलही, पण डिपरचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. उलट झोत अधिक तीव्र झाल्याने तो अधिक निकडीचा होतो. जादा दिवे अप्परच्या आज्ञेत राहिलेच पाहिजेत.

हा धडा वर्गात करून दाखवता येतो. लोखंडी खिळ्यावर एनॅमलच्या तांब्याच्या तारेचे शे-दोनशे वेढे द्या. खिळ्यासमोर पत्र्याची लवचिक पट्टी अशी बसवा की चुंबकाने ओढली जाताच ती दुसऱ्या, स्वतंत्र परिपथातील एका टोकाला टेकेल. एका परिपथात एक सेल, दुसऱ्यात वेगळ्या सेलवरचा बल्ब. बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज होऊन बल्ब लागेल. मग मुलांना विचारा, की बटण आणि बल्ब यांच्यामध्ये एकही वायर सलग नसताना निरोप पोचला कसा? उत्तर आल्यावर त्यांना गावातल्या एखाद्या पिकअपचे बॉनेट उघडून दाखवा आणि ८६ क्रमांकाची वायर कोठून आली आहे ते शोधायला सांगा. काही गाड्यांत ती बदलण्याची गरज आहे, हे मुलांच्याच लक्षात येईल आणि ते घरी जाऊन सांगतीलही.