लाकूड कुणाचं?

गेल्या रविवारी दुपारी नातू एक भलामोठा खोका घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, आज पत्ते नाहीत. आज जहाज बांधायचं."

मला वाटलं कागदाचं. पण तो एक नवा खेळ निघाला. पट उलगडला तर मध्ये बंदर आणि चारी बाजूंना जंगल, लोखंडाची खाण, कापसाचं शेत, नारळाची बाग. फासा टाकायचा, सोंगटी न्यायची, जिथे थांबाल तिथलं कार्ड उचलायचं. जंगलात लाकूड, खाणीत लोखंड, शेतात शीड, बागेत दोर. प्रत्येकापुढे आपापल्या जहाजाची पाटी. कणा, फासळ्या, फळ्या, डोलकाठी, शीड, नांगर असं क्रमाने भरत जायचं. ज्याचं जहाज आधी पाण्यात जाईल तो जिंकला. मधूनच वादळाचं कार्ड येतं आणि हातातलं अर्धं सामान जातं.

पहिल्याच डावात माझ्याकडे नऊ दोर आणि एकुलतं एक लाकूड जमलं. अदलाबदल करायची मुभा होती, पण आमच्या सूनबाई एका लाकडाचे चार दोर मागायला लागल्या. सख्ख्या सासूकडे! शेवटी नातवालाच माझी दया आली. म्हणाला, "अगं आजी, तू बाजारात कशाला जातेस? जंगलात जा ना. तिथे लाकूड फुकट असतं."

खेळ पुढे चालू राहिला (मी हरले, हे वेगळं सांगायला नको), पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. आरमाराच्या धड्याला किल्ल्यांची नावं, सनावळ्या, लढाया सगळं घोकून घेतलं. त्या गलबतांना लागलेलं लाकूड आलं कुठून आणि ते कुणाचं होतं, हे एकाही वर्गात मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तर मंडळी, आज तेवढंच.

आधी लाकूड लागतं किती ते बघा. ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनचं जे 'व्हिक्टरी' जहाज होतं, त्याला सुमारे ६००० झाडं लागली असं सांगतात. बहुतेक ओकची. एका जहाजाला एक अख्खं रान! नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला जहाजांसाठी ओक पुरेनासा झाला, आणि त्यांची नजर आपल्याकडच्या सागावर गेली. साग त्यांना काही नवा नव्हता. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासून कंपनीची जहाजं इथे सागाचीच बांधली जात होती. मुंबईची पहिली कोरडी गोदी १७५० सालची. फोर्टात लायन गेटच्या आत आज नौदलाची गोदी आहे, तीच ही जागा. बाप, लेक, नातू अशा वाडियांच्या पिढ्यांमागून पिढ्या तिथे मुख्य बांधणीकार होत्या.

सागाचा मोठा गुण म्हणजे त्याचं अंगचं तेल. ओकच्या लाकडात आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळा गंजतो. सागात तो टिकतो. पण सागाची एक गंमत आहे, ती मला फार उशिरा कळली. ताजा तोडलेला साग पाण्यात बुडतो! म्हणून झाड आधी उभ्याउभ्याच मारायचं. बुंध्याभोवती गोल खाच घालून सालीसकट बाहेरचं लाकूड कापायचं, आणि दोन-तीन वर्षं ते तसंच उभं वाळू द्यायचं. मग तोडायचं. हत्तींनी ओढत नदीपर्यंत आणायचं. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की ओंडके एकत्र बांधून सोडायचे, ते वाहत समुद्रावर येणार. मलबारात निलंबूरच्या रानातला साग चालियार नदीतून असाच बेपूरला यायचा, आणि तिथून गलबतांवर लादून मुंबईला. म्हणजे फासा टाकल्यापासून कार्ड हातात यायला तीन-चार वर्षं. आमच्या खेळात असं असतं तर नातू कॉलेजात गेला असता.

बाकी सामानाचीही अशीच कथा. दोर काथ्याचा, म्हणजे नारळाची सोडणं महिनोन्महिने खाडीत कुजवायची, कुटायची, वळायची. हे काम बायकांचं. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको. शिडांना जाडंभरडं सुती कापड वापरत, त्यातल्या एकाला इंग्रज 'डंगरी' म्हणत. हा आपल्या मुंबईच्या डोंगरीचाच अपभ्रंश. आमची नात घालते ती डंगरी आली ती याच शब्दावरून. असो.

आता मूळ प्रश्न. मलबारचा प्रदेश १७९२ मध्ये टिपूकडून कंपनीकडे आला. रानं मोठी होती, पण बेवारशी नव्हती. स्थानिक जमीनदारांचे त्यांवर हक्क होते, लाकडाचे व्यापारी होते, आजूबाजूची कुळं घराला आणि नांगराला लाकूड आणत होती. कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला जंगलांचा संरक्षक नेमलं. हिंदुस्थानातला हा पहिला जंगल-संरक्षक. नाव संरक्षक, काम नौदलाला साग पुरवणं. १८०७ मध्ये जाहीरनामा निघाला की सागावर हक्क कंपनीचा, दुसऱ्या कुणी तोडायचा नाही. एका कागदानं रानाचा मालक बदलला. ओरड इतकी झाली की १८२३ मध्ये, थॉमस मन्रो मद्रासचे गव्हर्नर असताना, ते पदच रद्द करावं लागलं. पुढे साग इतका कमी झाला की १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी निलंबूरला साग मुद्दाम लावायला घेतला. प्रत्यक्ष लागवड उभी केली ती चातू मेनन यांनी. त्यातला थोडा भाग अजून राखलेला आहे.

हे वाचताना मला बी.ए.ला मराठीच्या पेपरात असलेलं 'आज्ञापत्र' आठवलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेला हा राजनीतीवरचा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. त्यात आरमाराचं एक प्रकरण आहे. (त्यातला उतारा व्हॉट्सॲपवर 'शिवरायांचं पत्र' म्हणून फिरतो. ते पत्र नव्हे. शिवरायांच्या तालमीत वाढलेल्या अमात्यांनी पुढे लिहिलेलं ते आहे. बाईंची सवय, जाता जाता चूक दुरुस्त करते.) तिथे लाकडाबद्दल काय म्हटलंय ते माझ्या शब्दांत सांगते. आरमाराला सागासारखी झाडं लागतात, ती रानातून हुजुरांच्या परवानगीने तोडावीत. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा, फणस हीदेखील आरमाराच्या उपयोगाची झाडं आहेत, पण त्यांना हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं होऊन उपयोगाचं राहिलं नसेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजबरी करू नये.

बी.ए.ला हे वाचलं तेव्हा मी समासात 'प्रजाहितदक्ष' असं लिहून ठेवलं होतं. परीक्षेत तो शब्द लागायचाच. आज वाचताना वेगळं वाटतं. आरमाराला फणस उपयोगी आहे हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत आहे. तरीही तो 'विचारा' म्हणतो. आणि इतकं बजावून लिहावं लागलं, म्हणजे न विचारता तोडणारेही तेव्हा असणारच.

फणसाचं नाव निघालं म्हणून घरची एक गोष्ट. चुलत भावंडांपैकी जे वाचत असतील त्यांना आठवेल. आमच्या देवगड तालुक्यातल्या घरामागे, विहिरीच्या अंगाला, एक कापा फणस होता. आजीच्या सासूने लावलेला. होड्या बांधणारे एक सुतार तो पाहून जायचे. दोन वर्षं आजीला विचारत होते आणि आजी दोन वर्षं त्यांना चहा देऊन परत पाठवत होती. १९६८ मध्ये मला रत्नागिरीला कॉलेजात घालायचं ठरलं. वसतिगृहाचे पैसे उभे करायचे होते. आजी लेकीकडे गेली असताना वडिलांनी फणस विकला. व्यवहार चोख झाला, सुतारांनी ठरल्यापेक्षा दहा रुपये जास्तच दिले. आजी परत आली, मागीलदारी गेली, खोडाच्या बुडख्याकडे बघत उभी राहिली. वडिलांना एवढंच म्हणाली, "माका विचारलंस असतंस, तर मी हो म्हटलं असतंय." पुढे वर्षभर ती त्यांच्याशी कामापुरतीच बोलत होती. माझ्याशी मात्र एक अक्षरही वाकडं बोलली नाही. उलट सुट्टीत गेले की विचारायची, "पुस्तकां मिळाली मां सगळी?" आज्ञापत्र मी वाचलं ते त्या फणसाच्या पैशांवर. तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

खेळात आणखी एक कार्ड नाही, ते माणसांचं. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि जहाजं बांधायला सुरुवात केली, तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना फूस लावली आणि ते काम अर्धवट टाकून निघून गेले. लाकूड, लोखंड, दोर सगळं जागेवर, आणि हात गायब. तरी आरमार झालं, कारण इथल्या हातांनी ते शिकून घेतलं.

आणि वादळाचं कार्ड? ते मात्र खेळात आहे तेवढं सोपं नसतं. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी, गिर्ये गावात, आंग्र्यांच्या काळातली दगडी गोदी आहे. शाळेची सहल मी तिथे नेली होती. मुलांना पडकी भिंतच दिसली, त्यांचं सगळं लक्ष डब्यांकडे. तिथल्या गुराबा आणि गलबतं फेब्रुवारी १७५६ मध्ये एका दिवसात जळून गेली. इंग्रजांच्या तोफांनी लागलेली आग एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत गेली, आणि त्या मोहिमेत इंग्रजांचे भागीदार होते आपले पेशवे. तुळाजी आंग्र्यांशी त्यांचं वैर होतं. किती वर्षांचं रान त्या दिवशी जळालं असेल! त्याच सुमारास मुंबईत लवजींच्या गोदीत कामाचा ठोका चालू होता.

त्या गोदीतून निघालेली जहाजं कुठे कुठे गेली ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. 'कॉर्नवॉलिस' १८१३ चं. अफूच्या युद्धानंतर १८४२ मध्ये नानकिंगचा तह याच जहाजावर झाला आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. 'वेलस्ली' १८१५ चं. ते १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडालं, बांधल्यावर सव्वाशे वर्षांनी! आणि 'ट्रिंकोमाली'. त्याचे नकाशे ज्या जहाजातून मुंबईला निघाले ते जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी पकडलं, नकाशे पुन्हा पाठवावे लागले. वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं, तोवर नेपोलियन सेंट हेलेनावर जाऊन बसला होता. ज्या लढाईसाठी झाडं तोडली ती लढाईच संपलेली. इंग्लंडला नेऊन पुढची पंचवीसेक वर्षं त्याला नुसतं नांगरून ठेवलं.

ते अजून आहे. उत्तर इंग्लंडमध्ये हार्टलपूलला, पाण्यावर तरंगतं आहे, आणि तिकीट काढून आत जाता येतं. नातवाला फोटो दाखवला तर त्याने पहिला प्रश्न केला, "याला किती लाकडाची कार्डं लागली?"

न्यूकॅसलला असलेल्या माझ्या भाचीला मी सांगून ठेवलंय की तिथे जाऊन सागाच्या फळ्यांना हात लावून ये आणि जवळून फोटो काढ. बये, वाचत असशील तर, महिना झाला. फोटो आले नाहीत.