नाट्यमन्वंतर
मराठी रंगभूमीवर वास्तववादी नाट्यतंत्र आणण्याचा संघटित प्रयत्न करणारी मुंबईची नाट्यसंस्था. स्थापना १९३३. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव दाते, केशवराव भोळे प्रभृती तिचे प्रवर्तक होत. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या चित्रपटापासून मराठी बोलपटाचे युग सुरू झाले व संगीत नाटकमंडळ्यांना उतरती कळा लागली. अशा पडत्या काळात संस्थेने १ जुलै १९३३ रोजी वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या १८८३ मधील नाटकाचे हे रूपांतर होय. विवाहपूर्व चारित्र्याची कसोटी स्त्रीपुरुषांना एकच का नसावी, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न. स्त्रीपार्टी नटांची परंपरा प्रभावी असताना ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी त्यात भूमिका केल्या. स्त्रीच्या प्रतिष्ठेचा हा प्रश्न स्त्रीच्याच मुखातून मांडला गेल्याने त्याला वेगळे वजन आले. रंगविलेल्या पडद्यांऐवजी खोलीचे वास्तव नेपथ्य, स्वाभाविक संवाद आणि प्रसंगोचित, मोजकी भावगीते हे प्रयोगाचे विशेष होते.

पुढील नाटकांना पहिल्याइतके यश लाभले नाही व संस्था अल्पायुषी ठरली. तथापि तिने स्वीकारलेले हे संकेत पुढे मराठी रंगभूमीवर रूढ झाले.