सिम्बॉलिक लिंक आणि बिल्ड सिस्टीम : एका जुन्या गोंधळाचा इतिहास

प्रस्तावना

दिल्लीत कॅनॉट प्लेसला जायचे असेल तर मेट्रोने राजीव चौकला उतरावे लागते. नावे दोन, ठिकाण एक. दिल्लीकराला हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते. सिम्बॉलिक लिंकमुळे एका फाइलला दोन पत्ते मिळतात आणि बिल्ड सिस्टीम त्यातच फसते.

आधी मेक, मग लिंक

१९७६ मध्ये बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन लिहिले. त्याचा नियम साधा आहे : तयार फाइलपेक्षा मूळ फाइल नवी असेल, तरच पुन्हा कंपाइल करायचे. नवे-जुने ठरते ते फाइलीच्या वेळेच्या नोंदीवरून.

त्या वेळी युनिक्समध्ये हार्ड लिंक होत्या. पण त्या एकाच फाइल सिस्टीमपुरत्या असत आणि सामान्य वापरकर्त्याला डिरेक्टरीची हार्ड लिंक करता येत नसे. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये सिम्बॉलिक लिंक आली. तिच्यात मजकूर नसतो, फक्त दुसरा पत्ता असतो. तो पत्ता दुसऱ्या डिस्कवरचा किंवा डिरेक्टरीचाही चालतो. सोय मोठी होती. पण मेकचा नियम ठरला तेव्हा ती अस्तित्वात नव्हती.

गोंधळ पहिला : वेळ कोणाची?

समजा, ‘मांडणी’ ही लिंक ‘मांडणी-अ’ या फाइलकडे जाते. आपण ती ‘मांडणी-ब’कडे वळवली, पण ती फाइल महिन्यापूर्वीची आहे. मेक लिंकची नव्हे, तर लिंकमागच्या फाइलीची वेळ पाहते. ती जुनी दिसते, म्हणून मेक काहीच करत नाही. चुकीची सूचना येत नाही आणि जुन्याच मांडणीचा प्रोग्राम ग्राहकाच्या हाती जातो. बिल्ड मोडले तर निदान कळते. हे कळतही नाही. २००६ मधील जीएनयू मेक ३.८१ मध्ये लिंकची वेळही विचारात घेणारा पर्याय आला. तो वापरकर्त्याने स्वतः निवडावा लागतो.

गोंधळ दुसरा : वरची डिरेक्टरी कोणती?

‘/घर/प्रकल्प’ ही ‘/साठा/प्रकल्प’ची लिंक आहे असे धरा. तिच्यात जाऊन शेलला एक पायरी वर जायला सांगितले, तर बहुतेक शेल आपल्याला ‘/घर’मध्ये नेतात. कंपायलरला ‘../सामाईक’ दिले, तर कर्नल तो पत्ता ‘/साठा’पासून शोधतो. माणूस एकीकडे, कंपायलर दुसरीकडे. रॉब पाइक यांनी २००० मध्ये या दोन ठिपक्यांच्या अर्थावर स्वतंत्र निबंधच लिहिला.

पुढचा काळ

प्रश्न संपला नाही. नोड.जेएस एरवी लिंकमागचा खरा पत्ता शोधते. २०१६ मध्ये तिला लिंकचाच पत्ता कायम ठेवण्याचा पर्याय द्यावा लागला. मात्र तो निवडला, तर एकच मॉड्यूल दोन पत्त्यांनी दोनदा लोड होऊ शकते.

सारांश

चूक मेकची नाही आणि लिंकचीही नाही. प्रत्येक नावाला एकच जागा, या गृहीतावर मेक उभी होती. लिंकने ते गृहीत मोडले. म्हणून लिंक वळवल्यावर संपूर्ण बिल्ड नव्याने करावे आणि पत्ता कोणत्या अर्थाने वाचायचा, हे प्रकल्पात लिहून ठेवावे.

स्वाध्याय

१. लिंक वळवूनही मेक काम का करत नाही, ते उदाहरणासह सांगा.
२. हार्ड लिंकमुळे दुसरा गोंधळ सहसा का होत नाही?