मूत्र मूत्राशयात येते कोठून? : सुश्रुत, गॅलेन आणि वृक्काचा प्रश्न

मानवी मूत्रसंस्थेची रचना आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. उदराच्या मागील भिंतीला, कण्याच्या दोन्ही बाजूंस, सुमारे 11 सेंटिमीटर लांबीची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकातून 25 ते 30 सेंटिमीटर लांबीची एक बारीक नळी निघून खाली मूत्राशयास मिळते, आणि मूत्राशयातून मूत्रमार्गाने मूत्र बाहेर पडते. ही गोष्ट इतकी सरळ वाटते की, ती कळण्यास मानवास एवढा काळ का लागावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु प्राचीन काळी ज्यांनी मूत्राशय प्रत्यक्ष हाताळला, त्यांतील सर्वांत कुशल शस्त्रवैद्यांच्या ग्रंथातही मूत्रपिंडांचा मूत्राशी संबंध आढळत नाही. हा ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता होय.

मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे सुश्रुताने चिकित्सास्थानात केलेले वर्णन कोणत्याही काळच्या शस्त्रवैद्यास मान खाली घालावयास लावणार नाही. औषधोपचार फसल्यावरच शस्त्र हाती घ्यावे. आणि शस्त्र न लावल्यास मृत्यू निश्चित, लावल्यास जगण्याविषयी संशय, अशी स्थिती असल्यामुळे आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे तो सांगतो. गुदमार्गात बोटे घालून खडा खाली आणावयाचा, सेवनीच्या डाव्या बाजूस यवमात्र अंतर सोडून खड्याच्या आकाराइतका छेद घ्यावयाचा, आणि खडा समूळ काढावयाचा. कारण त्याचा बारीकसा कण मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो. शस्त्रापासून जपावयाच्या आठ स्थानांची यादीही त्याने दिली असून, त्यांपैकी कोणते स्थान दुखावल्यास काय परिणाम होतो तेही सांगितले आहे. ही यादी केवळ तर्काने तयार होणारी नव्हे. तिच्यामागे जगलेल्या आणि दगावलेल्या रोग्यांचा दीर्घ अनुभव उभा आहे.

ह्याच ग्रंथाच्या निदानस्थानात मूत्राशयाचे, म्हणजे बस्तीचे, वर्णन येते. बस्ती भोपळ्याच्या आकाराची, पातळ त्वचेची, एकच द्वार असलेली आणि अधोमुख आहे. येथपर्यंत निरीक्षण चोख आहे. पुढे मात्र ग्रंथकार म्हणतो की, नद्या ज्याप्रमाणे सागरास भरतात त्याप्रमाणे पक्वाशयाशी संलग्न अशा मूत्रवह नाड्या बस्तीस सदैव भरीत असतात; त्यांची मुखे हजारो असून अतिसूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. तोंडापर्यंत पाण्यात बुडविलेला नवा घडा जसा बाजूंनी पाझरून भरतो, तशी बस्ती जागेपणी व झोपेतही मूत्राने भरत राहते. खड्याच्या उत्पत्तीसाठीही दृष्टांत घड्याचाच आहे: नव्या घड्यात भरलेल्या स्वच्छ पाण्याचाही कालांतराने तळाशी गाळ बसतो, तसा बस्तीत खडा तयार होतो.

मग मूत्रपिंडांचे काय? ती सुश्रुतास माहीत नव्हती असे मुळीच नाही. वृक्क हा शब्द वैदिक वाङ्मयातही येतो, आणि बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण वृक्क म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंस असणारे दोन मांसपिंड होत, असा स्पष्ट अर्थ देतो. परंतु सुश्रुताच्या मते वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद ह्यांच्या सारापासून होते. चरक वृक्कांना मेदोवह स्रोतसांचे मूळ मानतो. आणि पुढे शार्ङ्गधरही ते जठरस्थ मेदाचे पोषण करतात असेच सांगतो. मूत्रवह स्रोतसांचे मूळ सांगताना ह्यांपैकी कोणी वृक्कांचे नाव घेत नाही. हा समज निराधार नव्हता, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. उदर उघडले असता मूत्रपिंड चरबीच्या जाड वेष्टनात रुतलेले दिसते. ज्याने ते पाहिले त्याने मेदाशी त्याचा संबंध जोडावा, ह्यात नवल नाही. चूक पाहण्यात नव्हती. शेजारास कार्यकारण मानण्यात होती.

ह्याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, दोन नळ्यांची कल्पना ह्या परंपरेत अगदीच नव्हती असे नाही. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील मूत्ररोधावरील सूक्तात आतडी, दोन 'गवीनी' आणि बस्ती ह्यांत साचलेल्या मूत्राचा उल्लेख आहे. शंकर पांडुरंग पंडित ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत प्रसिद्ध केलेल्या सायणभाष्यासह आवृत्तीमुळे ह्या शब्दाचा सायणकृत अर्थ अभ्यासकांस सहज पाहता आला. सायणाच्या मते गवीनी म्हणजे आतड्यांतून निघालेले मूत्र मूत्राशयास पोचविणाऱ्या, दोन बाजूंस असलेल्या नाड्या. नळ्या दोन, जागा दोन बाजूंस, शेवट मूत्राशयात. सर्व जुळते, पण आरंभ आतड्यांतच राहतो. स्वतः सुश्रुतही शारीरस्थानात मूत्रवह स्रोतसे दोन सांगतो. एकाच संहितेत एके ठिकाणी दोन आणि दुसऱ्या ठिकाणी हजारो, हा विसंवाद टीकाकारांनी मिटविण्याचा यत्न केला तरी तो मिटत नाही. संहितेत भिन्न स्तरांची सामग्री एकत्र आली आहे, असे मानणेच अधिक सयुक्तिक होय.

शवच्छेदनाची जी पद्धती सुश्रुताने सांगितली, तिच्याकडेही येथे पाहिले पाहिजे. आतड्यांतील मळ काढून टाकलेले शव गवताने वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात कुजू द्यावयाचे आणि सात रात्रींनंतर कुंचीने हळूहळू घासून एकेक थर पाहावयाचा. स्नायू, अस्थी व सांधे पाहण्यास ही रीत चांगली. परंतु अवघ्या काही मिलिमीटर जाडीची मऊ नळी, तीही उदरावरणाच्या मागे चरबीत दडलेली, सात दिवस कुजलेल्या शरीरात अखंड सापडणे कठीणच. रीतच अशी असल्यावर नजर कितीही तीक्ष्ण असली तरी तिचा उपयोग मर्यादित होतो.

पाझराची कल्पना भारतापुरतीच होती असे समजण्याचे कारण नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकात रोममध्ये प्रसिद्धी पावलेला बिथिनियाचा आस्क्लेपियाडीस हा ग्रीक वैद्य म्हणे की, प्यालेल्या द्रवाची वाफ होते, ती मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरते आणि तेथे पुन्हा तिचे पाणी होते. दुसऱ्या शतकात गॅलेनने त्याची मनसोक्त टर उडविली. मूत्रपिंडांपासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या नळ्या रोज खाटकाच्याही दृष्टीस पडतात, मग त्या कशासाठी आहेत, असा त्याचा प्रश्न होता.

परंतु गॅलेन केवळ उपहासावर थांबला नाही. जिवंत प्राण्याचे उदर उघडून त्याने दोन्ही नळ्या बांधल्या. मूत्राशय रिकामा राहिला आणि नळ्या बंधनाच्या वर फुगून फुटावयास आल्या. बंधने सोडताच मूत्राशय भरला. मग प्राण्याचे शिश्न बांधून भरलेला मूत्राशय दाबला, तरी एक थेंबही नळ्यांत उलट गेला नाही. शेवटी त्याने नळ्या कापल्या; मूत्र उदरपोकळीत साचले आणि मूत्राशय पुन्हा रिकामाच राहिला. मूत्र उलट का जात नाही ह्याचे कारण आज रचनेवरून कळते: नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरपी आत शिरते, त्यामुळे मूत्राशय भरताच तिचे तोंड आपोआप दाबले जाते. एका प्रश्नास इतक्या बाजूंनी कोंडीत पकडणारे प्रयोग प्राचीन वैद्यकात थोडेच.

तथापि गॅलेनचा विजय अर्धाच होता. मूत्रपिंड मूत्र कसे वेगळे करते, ह्यास त्याचे उत्तर म्हणजे मूत्रपिंडाची आकर्षणशक्ती. चाळणीची यांत्रिक कल्पना त्याने अमान्य केली. जागा अचूक सांगणाऱ्याने क्रिया मात्र एका नावाखाली झाकून टाकली.

पुढची वाट सूक्ष्मदर्शकाने उघडली. 1662 मध्ये लोरेन्झो बेलिनीने, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मूत्रपिंडाचे मांस भरीव नसून बारीक नलिकांचे बनलेले आहे हे दाखविले. 1666 मध्ये माल्पिघीने रक्तवाहिन्यांना फळांसारखे लगडलेले सूक्ष्म गोळे पाहिले. त्यांचा नलिकांशी संबंध असला पाहिजे हे त्याने ओळखले, पण त्यास तो दाखविता आला नाही. ते काम 1842 मध्ये विल्यम बोमनने केले. त्याच वर्षी कार्ल लुडविगने मांडले की, रक्ताच्या दाबाने ह्या गोळ्यांतून द्रव गाळला जातो आणि त्यातील पाणी नलिकांतून पुन्हा रक्तात शोषले जाते. गाळणे की स्रवणे, हा वाद ऐंशी वर्षे चालला. 1924 मध्ये फिलाडेल्फियात वर्न व रिचर्ड्स ह्यांनी बेडकाच्या एका गोळ्याच्या वेष्टनातून अतिसूक्ष्म काचनळीने द्रव काढला. मूत्राशयातील मूत्रात नसलेली साखर त्या द्रवात होती. म्हणजे ती आधी गाळली जाऊन वाटेत परत घेतली गेली होती. मनुष्याची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, आणि त्यातील दीड लिटरच्या आसपास मूत्ररूपाने बाहेर जातो.

प्रत्येक मूत्रपिंडात अशी गाळणारी एकके सरासरी दहा लक्ष असतात. हा आकडा हाती आल्यावर सुश्रुताची हजारो अदृश्य मुखे म्हणजे हीच होत, असे प्रतिपादन काही आधुनिक व्याख्याकारांनी केले आहे. ते ग्राह्य धरता येत नाही. संहितेतील मुखे पक्वाशय व बस्ती ह्यांच्या दरम्यान आहेत, वृक्कात नव्हेत. आणि वृक्काचे कार्य तेथे निराळेच सांगितले आहे. अशा अर्थाने सुश्रुताच्या पदरी न घेतलेले श्रेय पडते, आणि त्याचे खरे श्रेय, म्हणजे डाव्या बाजूचा यवमात्र अंतरावरील छेद, झाकले जाते. पाझरणाऱ्या घड्याचा दृष्टांत गाळण्याच्या क्रियेच्या जवळ जातो हे खरे. पण तो चुकीच्या भिंतीस लावलेला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गणनाथ सेन ह्यांनी 'प्रत्यक्षशारीरम्' हा ग्रंथ रचताना मूत्रपिंडास वृक्क आणि मूत्रवाहिनीस गवीनी ही नावे योजिली. निवड उत्तम होती. दोन्ही शब्द जुने, आणि दोन्ही आपापल्या जागी बसणारे. ते आज आयुर्वेद महाविद्यालयांत रूढ आहेत, आणि मराठी पाठ्यपुस्तकांतही मूत्रपिंडाबरोबर वृक्क चालतो. मात्र ह्या योजनेपासून एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. संहितेच्या पानावरील वृक्क मेदाचा आहे, पाठ्यपुस्तकातील वृक्क मूत्राचा. आणि गवीनीचे वरचे टोक सायणाच्या भाष्यात आतड्यांत आहे, तर सेनांच्या ग्रंथात वृक्कात.